डेनिस रिची: तुमच्या फोनच्या तळाशी असलेल्या भाषेचा जनक

फोनवर प्रोग्रामिंग शिकता येतं का, असं मला कॉलेजमधली मुलं नेहमी विचारतात. घरी लॅपटॉप नसतो, लॅबमध्ये आठवड्यातून एकदा नंबर लागतो आणि हातात असतो फक्त अँड्रॉइड फोन. माझं उत्तर असतं, हो, येतं. पण ते का येतं हे सांगायला मला एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. त्या माणसाचं नाव डेनिस रिची. सी ही भाषा त्यांनी बनवली आणि केन थॉम्पसन यांच्या जोडीने युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. त्यांना जाऊन आता दशकाहून जास्त काळ झालाय. तरी तुम्ही सकाळी उठून फोन अनलॉक करता तेव्हा त्यांच्याच भाषेत लिहिलेला कोड कामाला लागतो.

जमा न झालेला प्रबंध

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. ते वाढले शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, समिट नावाच्या गावात. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे कॉल जोडणारी स्विचिंग सर्किट्स हा त्यांचा विषय. मुलगा हार्वर्डला गेला, आधी फिजिक्स शिकला आणि मग गणिताकडे वळला.

१९६८ पर्यंत त्यांचा पीएचडीचा प्रबंध लिहून तयार होता. पण त्याची बाइंडिंग केलेली प्रत विद्यापीठात रीतसर जमा झालीच नाही, त्यामुळे पदवीही मिळाली नाही. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर नातेवाइकांनी जन्मभर ऐकवलं असतं! रिचींचं त्यावाचून काही अडलं नाही. १९६७ मध्येच ते वडिलांच्याच संस्थेत, मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये लागले होते. तो प्रबंध लोकांना वाचायला मिळाला थेट २०२० मध्ये, अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममुळे.

कागदावरची कमांड लाइन

बेल लॅब्स तेव्हा मल्टिक्स नावाच्या एका मोठ्या प्रकल्पात होती. एकाच कॉम्प्युटरवर खूप लोकांना एकाच वेळी काम करता यावं, असा त्यामागचा विचार होता. काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं. थॉम्पसन यांनी मग पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या मशीनवर स्वतःची छोटी सिस्टीम लिहायला घेतली. रिची त्यात सामील झाले. तीच युनिक्स.

इथे एक गोष्ट समजून घ्या. त्या काळी टर्मिनल म्हणजे बहुतेक वेळा टेलीटाइप, म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र. तुम्ही एक ओळ टाइप करायची, ती तारेतून कॉम्प्युटरकडे जायची आणि उत्तर कागदावर छापून यायचं. त्यातल्या एका प्रचलित यंत्राचा वेग होता सेकंदाला १० अक्षरं. कमांड ‘लाइन’ हा शब्द का पडला, ते यावरून कळेल. युनिक्समधल्या कमांड्स एलएस, सीपी, सीसी अशा दोन-दोन अक्षरांच्या का आहेत, तेही.

बी कडून सी कडे

थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी बी नावाची लहानशी भाषा बनवली होती. पुढे पीडीपी-११ हे नवं मशीन आलं आणि बी कमी पडायला लागली. बी ला सगळा डेटा सारखाच दिसायचा. अक्षर काय आणि मोठा आकडा काय, दोघांना एकाच मापाचा डबा. नव्या मशीनमध्ये मात्र एकेक बाइट वेगळा हाताळता येत होता. शिवाय बी चे प्रोग्राम संथ चालायचे.

१९७१ पासून रिचींनी तिच्यात बदल करायला सुरुवात केली. इंट आणि कॅर हे प्रकार आणले, पॉइंटर नीट बसवले आणि थेट मशीनची भाषा तयार करणारा कंपायलर लिहिला. १९७२ पर्यंत ती वेगळीच भाषा झाली होती, म्हणून नाव ठेवलं सी. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून पाहिला, पण जमेना म्हणून सोडून दिला. अडत होतं ते स्ट्रक्चरपाशी. वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली बांधायची सोय भाषेत तेव्हा नव्हती. रिचींनी ती आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून झाला.

त्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा त्या-त्या मशीनच्या असेंब्ली भाषेत लिहायचे. मशीन बदललं की सगळं नव्याने. सीमुळे हे बदललं. १९७७ च्या सुमारास रिची आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या मशीनवर नेऊन दाखवलं. १९७८ मध्ये ब्रायन कर्निहॅन यांच्यासोबत लिहिलेलं सीचं पुस्तक आलं. पानं फक्त २२८. आपल्याकडे अनेकांनी सी शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मधून, पण सगळ्यांचं मूळ त्या बारीकशा पुस्तकात आहे.

ज्या टर्मिनलवर प्रोग्राम चालायचा

आता मी मुद्द्याच्या जागी येतो. १९८२ मध्ये बेल लॅब्समध्येच रॉब पाइक आणि बार्ट लोकँथी यांनी ब्लिट नावाचं टर्मिनल बनवलं. तोवरची टर्मिनल बिनडोक होती. कॉम्प्युटर पाठवेल ती अक्षरं दाखवायची, एवढंच त्यांचं काम. ब्लिटमध्ये मात्र स्वतःचा प्रोसेसर होता, मोटोरोलाचा ६८०००. स्वतःची मेमरी होती, माऊस होता आणि ८०० बाय १०२४ ठिपक्यांचा उभा पडदा होता. एकाच पडद्यावर अनेक खिडक्या उघडता यायच्या. पडदा उभा होता हे लक्षात ठेवा, फोनच्या पडद्यासारखा!

या टर्मिनलसाठी प्रोग्राम कसा लिहायचा? टर्मिनलवर कंपायलर नव्हता. तुम्ही युनिक्स मशीनवर सीमध्ये कोड लिहायचा आणि तिथेच कमांड लाइनवरून एक खास कंपायलर चालवायचा. हा कंपायलर चालायचा एका मशीनवर आणि कोड तयार करायचा दुसऱ्याच प्रोसेसरसाठी. याला क्रॉस कंपायलर म्हणतात. तयार झालेली फाइल युनिक्स मशीनवर चालायची नाही. मग लोडर नावाचा दुसरा प्रोग्राम ती फाइल केबलमधून टर्मिनलच्या मेमरीत उतरवायचा आणि एका खिडकीत प्रोग्राम सुरू व्हायचा.

पुढे हेच टर्मिनल टेलीटाइप ५६२० या नावाने बाजारात आलं आणि त्यात बेलचा स्वतःचा प्रोसेसर बसवला. प्रोसेसर बदलल्यावर कंपायलरही बदलावा लागला. त्या काळच्या युनिक्समध्ये तो थ्रीसीसी या नावाने होता आणि लोडरचं नाव थर्टीटू-एलडी. प्रोग्राम लिहिणाऱ्याची भाषा मात्र तीच राहिली, सी.

ब्लिट रिचींनी बनवलं नव्हतं. पण ते चालायचं ते त्यांच्या भाषेच्या जोरावर. त्याच सुमारास त्यांनी युनिक्सचा टर्मिनलशी आणि नेटवर्कशी बोलणारा भागही नव्याने लिहिला. स्ट्रीम्स हे त्या रचनेचं नाव. केबलमधून जाणारी माहिती नळाच्या पाण्यासारखी वाहू द्यायची आणि मधे लागतील तशा गाळण्या बसवायच्या, अशी ती कल्पना होती.

पाइक यांचा सॅम हा टेक्स्ट एडिटर पाहा. त्याचे दोन भाग होते. पडदा आणि माऊस सांभाळणारा भाग टर्मिनलवर चालायचा आणि फाइल सांभाळणारा भाग पलीकडच्या मशीनवर. तुमच्या फोनमधलं कुठलंही सोशल मीडिया अ‍ॅप घ्या. दिसणारा भाग फोनवर, डेटा दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. मांडणी तीच. आणि अ‍ॅप बनवणारे आजही लॅपटॉपवर कोड लिहितात, फोनच्या एआरएम प्रोसेसरसाठी कंपाइल करतात आणि केबलने फोनमध्ये उतरवतात.

फोन कुणाचा?

ब्लिटमध्ये आणि आपल्या फोनमध्ये एक फरक मात्र मला खटकतो. ब्लिट वापरणारी माणसंच त्यावरचे प्रोग्राम लिहायची. ताकद म्हणाल तर आपला फोन ब्लिटच्या कितीतरी पुढे आहे, पण त्यात काय चालायचं हे बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी ठरवतं आणि आपण फक्त अंगठा सरकवत राहतो. लॅपटॉप नाही म्हणून प्रोग्रामिंग नाही, असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा मला वाटतं, हिच्या हातात कॉम्प्युटर आहे हे हिला कुणी सांगितलंच नाही.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे आणि तो मुख्यतः सीमध्ये लिहिलेला आहे. आयफोनच्या कर्नलचाही मोठा भाग सीमध्येच आहे. पायथन शिकत असाल तर तिचा नेहमीचा इंटरप्रिटरसुद्धा सीमध्येच लिहिलाय.

शेवटची वर्षं

रिची शांत स्वभावाचे होते आणि प्रसिद्धीपासून लांब राहिले. सहकाऱ्यांमध्ये त्यांची ओळख होती त्यांच्या लॉगिन नावाने, डीएमआर. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना आणि थॉम्पसन यांना मिळून मिळाला. १९९९ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते दोघांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. बर्कली हाइट्सला घरी ते एकटेच राहायचे.

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्स गेले आणि जगभरच्या पहिल्या पानांवर तीच बातमी होती. त्यानंतर आठवड्याभरात, १२ ऑक्टोबरला, रिची त्यांच्या घरी मृतावस्थेत आढळले. वय ७०. ही बातमी जगाला कळली ती रॉब पाइक यांच्या एका छोट्याशा पोस्टवरून. जॉब्स यांच्या आयफोनची सिस्टीम युनिक्सच्या घराण्यातली आणि त्याची सुरुवातीची अ‍ॅप्स ज्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत लिहिली गेली, ती सीवरच उभी. तरीही रिचींची बातमी फार थोड्यांपर्यंत पोचली.

आता तुमची पाळी

टर्मक्स हे अ‍ॅप एफ-ड्रॉइडवरून घ्या. कमांड्स इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे उच्चार देतोय. आधी ‘पीकेजी इन्स्टॉल क्लँग’. क्लँग म्हणजे आजचा सी कंपायलर. मग टर्मक्समध्येच ‘नॅनो’ एडिटरने नमस्कार.सी नावाची फाइल बनवा (नाव इंग्रजी अक्षरांतच) आणि त्यात पडद्यावर एक ओळ छापणारा चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहा. फाइल टर्मक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. डाउनलोड्स फोल्डरमधून प्रोग्राम चालवू पाहाल तर अँड्रॉइड परवानगी देणार नाही.

मग ‘क्लँग नमस्कार.सी’ एवढंच टाइप करा, बाकी काही नको. एरर आली नाही तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. घाबरू नका, सगळं ठीक असेल तर गप्प राहायचं, ही युनिक्सची जुनी सवय आहे. त्यानंतर ‘एलएस’ मारा. ए.आउट नावाची एक नवी फाइल दिसेल. असेंब्लरचं आउटपुट म्हणून हे नाव थॉम्पसन यांनी पीडीपी-७ वर दिलं होतं, रिचींच्या कंपायलरने ते पुढे चालवलं आणि आजवर ते कुणी बदललेलं नाही. ‘डॉट स्लॅश ए.आउट’ लिहून एंटर दाबा. तुम्ही लिहिलेली ओळ तुमच्या फोनवर छापली जाईल.