मंडालेतलं पथ्य

मे १९१७ मध्ये लोकमान्य टिळक आपल्या नाशिकला आले होते. होमरूल लीगचा वार्षिक मेळावा होता. भर उन्हाळ्याचे दिवस आणि वयाची साठी उलटलेली. शरीर म्हातारं झालं तरी मन तरुण आहे, असं त्यांनी इथल्या भाषणात लोकांना सांगितलं. स्वराज्याच्या हक्काबद्दल ते काय म्हणाले हे आपण शाळेत पाठ केलं. पण ते म्हातारं शरीर मधुमेहाचं होतं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

मलाही परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी माझा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १६८ आणि तीन महिन्यांची सरासरी ८.१. उपाशीपोटी १२६ च्या पुढे आणि सरासरी ६.५ च्या पुढे गेली की मधुमेह धरतात, म्हणजे माझ्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. मग घरोघरचे सल्ले सुरू झाले. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणून घाबरवलं. एका जाऊबाईंनी तर मुलीचं लग्न व्हायचं आहे, बाहेर बोलू नकोस, असं कानात सांगितलं. त्याच दिवसांत घरातलं टिळकांचं जुनं चरित्र पुन्हा हाती घेतलं आणि या वेळी भलत्याच पानांवर थांबत गेले.

टिळक म्हटलं की पगडी, उपरणं आणि करारी चेहरा डोळ्यांसमोर येतो. पण रत्नागिरीत २३ जुलै १८५६ ला जन्मलेला हा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा अगदी किरकोळ अंगाचा होता. त्यांनी काय केलं, तर डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण शरीरालाच दिलं. तालीम, कुस्ती, पोहणं. अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षी नापास झाले. आपल्याकडच्या आयांनी डोक्याला हात लावला असता! पण या माणसाला शरीराकडे कामाचं हत्यार म्हणून बघायची सवय तेव्हापासूनची, असं मला वाटतं.

पुढे 'केसरी', फर्ग्युसन कॉलेज, गणेशोत्सव, १८९७ चा राजद्रोहाचा खटला आणि तुरुंग, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी सरळ १९०८ वर येते. 'केसरी'तल्या लेखांवरून पुन्हा अटक झाली. मुंबईत त्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि जामीन मागताना टिळकांच्या मधुमेहाचं कारणही त्यांनी न्यायालयापुढे ठेवलं. समोर न्यायमूर्ती दावर होते. अकरा वर्षांपूर्वी हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या बाजूनं उभे होते. आता न्यायाधीशाच्या खुर्चीवरून त्यांनी जामीन नाकारला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता.

आधी साबरमती, मग बोटीनं रंगून आणि तिथून मंडाले. ब्रह्मदेशातलं ते गाव उन्हाळ्यात भाजून काढणारं. राहायची खोली लाकडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी. वारा, धूळ, पाऊस, थंडी, जे येईल ते फटींतून थेट आत. अशा जागी बावन्न वर्षांचा, दात पडत चाललेला, मधुमेह असलेला माणूस. औषध काय? तर काहीच नाही. साखर उतरवणारी गोळी तेव्हा जगात कुठेच नव्हती, इन्सुलिनही नव्हतं. बोटाला टोचून साखर बघायची सोय नव्हती, लघवी तपासून अंदाज बांधायचा. डॉक्टरांच्या हातातही एकच गोष्ट होती, पथ्य.

ते पथ्य टिळकांनी धरलं. साखर सोडली. भात आणि गहू बाजूला ठेवले. त्यांच्या स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिला होता. तो त्यांना जवाच्या पिठाचं करून घालायचा, त्याच्या जोडीला दूध, दही, तूप. बामणाच्या जेवणातून वरणभात काढला की काय उरतं, हे आपण जाणतोच. घरी सोळा माणसांचा स्वयंपाक करताना आपण एक पोळी कमी खाऊ शकत नाही आणि हा माणूस वर्षानुवर्षं तेच ते जेवला!

इथे एक गोष्ट स्वयंपाकघरातली सांगते, नाहीतर गोंधळ व्हायचा. टिळकांचा सातू म्हणजे जव, साधं धान्य. आपण उन्हाळ्यात गूळ-दूध घालून खातो ते सातूचं पीठ म्हणजे भाजलेले गहू आणि डाळं. ते लोकमान्यांचं पथ्य म्हणून वाटीभर खाऊ नका. जवात एक चिकट तंतुमय भाग असतो, त्यामुळे जेवणानंतरची साखर जरा हळू चढते. पण जवातही पिष्ट असतंच, तेव्हा मापात खायचा. आणि तुपाचं म्हणाल तर माझ्या डॉक्टरांनी टिळकांचं नाव सांगूनही चमच्यापुढे परवानगी दिली नाही.

या पथ्यावर त्यांचं दुखणं आटोक्यात राहिलं. नुसतं राहिलं नाही, त्याच खोलीत सुमारे चारशे पुस्तकं जमली. जर्मन, फ्रेंच, पाली शिकून झालं. १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, 'गीतारहस्य' लिहून काढलं, तेही शिसपेन्सिलीनं, कारण शाई मिळायची नाही. वह्यासुद्धा बांधलेल्या, पानांवर आकडे घातलेल्या, म्हणजे पान फाडून कुठे पाठवता येऊ नये.

जून १९१२ मध्ये पुण्याला सत्यभामाबाई गेल्या. इतक्या दूर तारेनं ती बातमी पोचली. टिळक मंडालेत काय जेवत होते हे पुस्तकांतून वाचायला मिळतं, पण सत्यभामाबाई त्या चार वर्षांत गायकवाड वाड्यात काय जेवत होत्या, हे शाळेच्या पुस्तकात नाही. माझं मन मात्र तिथे अडकून पडलं. पथ्य करायला माणसाला निदान स्वतःचं वेगळं ताट लागतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात संपवणारीला कसलं पथ्य?

मी आता माझं ताट आधी वाढून घेते. दोन भाकऱ्या, भाजी, उसळ, काकडी, भात मूठभर. पहिले आठ दिवस घरात विचित्र शांतता होती, मग सवय झाली. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालते. गोळी जेवणाबरोबर घेते. सुरुवातीला पोट बिघडलं, तेव्हा आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मात्रा हळूहळू वाढवली. एकादशी मात्र सोडली. साबुदाणा, बटाटा, रताळं म्हणजे पिष्टच पिष्ट. आणि काही गोळ्यांवर उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात कापतात. तुम्हाला उपास करायचाच असेल तर आधी विचारून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची साखर मोफत तपासतात, तेव्हा पैशाचं कारण सांगून तपासणी पुढे ढकलू नका. निदान झालेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पाय दाखवायचे असतात, हे तर मला कुणी शेजारणीनं सांगितलं नव्हतं.

टिळक जून १९१४ मध्ये सुटले. त्यानंतर १९१६ ला होमरूल लीग, लखनौची काँग्रेस, मग आपलं नाशिक, १९१८-१९ मध्ये तेरा महिने विलायत. मधुमेहाचं शरीर घेऊन एवढी धावपळ, तीही ना गोळी ना इंजेक्शन. जुलै १९२० मध्ये मुंबईला सरदारगृहात उतरलेले असताना ताप आला, न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टच्या पहाटेआधीच ते गेले. तिकडे कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचं काम हाती घेतलं ते १९२१ च्या उन्हाळ्यात. माणसाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, एका चौदा वर्षांच्या मुलाला.