सनदी नोकरीतून लोकांच्या दारी : स. गो. बर्वे

सरकारी कचेरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक टेबल उभे राहते. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे आपण. पलीकडून सही होते, अलीकडून अर्ज जातो. पलीकडच्या खुर्चीत निम्मे आयुष्य घालवलेला एखादा मोठा अधिकारी ती खुर्ची आपण होऊन सोडतो आणि अलीकडच्या माणसांपुढे मत मागायला उभा राहतो, असे फार क्वचित घडते. १९६२ साली आपल्या पुण्यात ते घडले. त्या अधिकाऱ्याचे नाव सदाशिव गोविंद बर्वे.

पुण्यात शिवाजीनगरला स. गो. बर्वे चौक आहे. चिंचवडहून बसने जाणारे आपण कितीतरी जण त्या बाजूने जातो, पण त्याला मॉडर्न कॅफे चौक म्हणतो. हे बर्वे कोण, असे मी वर्गातल्या मैत्रिणींना विचारले. कोणी म्हणाले स्वातंत्र्यसैनिक असतील, कोणी म्हणाले एखादे नगरसेवक असतील. मलाही राज्यशास्त्राचा अभ्यास करताना त्यांचे नाव भेटेपर्यंत काही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बर्वे यांचा जन्म १९१४ साली तासगावचा. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. बुद्धी तल्लख होती. त्या काळी हुशार मुलाने गाठायचे शेवटचे शिखर म्हणजे आय. सी. एस. ही सनदी नोकरी. बर्वे यांनी ते गाठले. राज्य इंग्रजांचे, नोकरीही त्यांनीच घडवलेली. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर कारभाराचा गाडा ओढण्याचे काम याच नोकरीतल्या हिंदी अधिकाऱ्यांवर येऊन पडले. त्यांपैकी कित्येक जण फायलींत रमले. बर्वे मात्र ज्या ज्या गावी गेले तेथे काही उभे करून आले.

ते पुण्याचे कलेक्टर होते. पुढे १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिचे पहिले आयुक्त म्हणून बर्वे यांनी सूत्रे हाती घेतली. आयुक्त हा लोकांनी निवडलेला नसतो, त्याला राज्य सरकार नेमते. तरीही पालिकेचा प्रत्यक्ष कारभार १९४९ च्या कायद्याने त्याच्याच हाती दिलेला आहे. पिंपरी-चिंचवडची महापालिका १९८२ साली झाली, तीही याच कायद्याखाली चालते. नगरसेवकांनी ठरवायचे आणि आयुक्तांनी अमलात आणायचे, अशी ही वाटणी.

बर्वे यांच्या पुढच्या नोकरीकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. जेथे मोठा आणि किचकट प्रश्न असे, तेथे सरकार त्यांना पाठवीत असे. १९५५ साली बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली राजभाषा आयोग नेमला गेला, त्याचे सचिव बर्वे. १९५८ साली मुंबईच्या वाढत्या गर्दीचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला, त्याचे प्रमुख बर्वे. मुंबई बेटावरची दाटी कमी करायची तर ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा आणि पलीकडे नवे शहर वसवा, असे या गटाने १९५९ साली सुचवले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली पाटबंधारे आयोग नेमला गेला, त्याचेही अध्यक्ष बर्वेच. १९६२ च्या त्या आयोगाच्या अहवालातून एक कटू सत्य राज्यापुढे आले : सगळे पाणी अडवले तरी महाराष्ट्राची बहुतेक शेती पावसाच्याच भरवशावर राहणार.

हे वाचताना मी थांबले. आमचे गाव बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात आहे. आजोबांची जमीन जिरायत. सलग दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा वडील चिंचवडला आले, एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर लागले, आणि आम्ही मोहननगरचे झालो. आमच्या घराने जे सोसून शिकले ते एका अहवालात आधीच लिहून ठेवले होते. अहवाल खरा होता. पण अहवालाने विहिरीला पाणी लागत नाही. कोणाला पाणी आधी द्यायचे, कोणत्या पिकाला द्यायचे, पैसा कोठून काढायचा, हे ठरवणारे दुसरेच असतात.

अधिकाऱ्याच्या कर्तबगारीची हद्द मला येथे दिसली. खाडीपुलाचेच पाहा. बर्वे यांच्या गटाने तो सुचवला १९५९ मध्ये. नव्या मुंबईसाठी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि पूल वाहतुकीस खुला झाला १९७३ मध्ये. सूचना आणि पूल यांच्यामध्ये चौदा वर्षे गेली. पूल झाला तेव्हा सुचवणारा हयात नव्हता.

बर्वे यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १२ जुलै १९६१ च्या सकाळी. पानशेतचे अर्धवट झालेले धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. नदीकाठचे वाडे ढासळले, पूल पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांत कंबरेएवढा चिखल, आणि ज्या धरणातून शहराला पिण्याचे पाणी येई तेच वाहून गेलेले. हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. पुनर्वसनाची धुरा सरकारने बर्वे यांच्याकडे सोपवली. शहराची गल्ली न् गल्ली त्यांना माहीत होती. लोकांना तात्पुरता निवारा द्यायचा, मग पक्की घरे, शिवाय पाणी, दिवे, रस्ते, दुकानदारांचे बुडालेले भांडवल, असे ते काम. गोखलेनगरला उभी राहिलेली अर्धगोल छपरांची निसन घरे ही त्या दिवसांची खूण. आज पुण्याच्या ज्या वसाहतींना पूरग्रस्त वसाहती म्हणतात, त्यांचा जन्म या आपत्तीतलाच.

त्यानंतर बर्वे यांनी सनदी नोकरी सोडली. वय सत्तेचाळीस. निवृत्तीला अजून बरीच वर्षे होती, आणि पुढची मानाची पदे चालून आली असती. ती सारी वाट सोडून ते फेब्रुवारी १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत शिवाजीनगर मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पुण्याने काँग्रेसला झिडकारले होते. मग राज्य मिळाले, राग निवळला, पण तेवढ्यात पानशेत झाले. धरण सरकारचे, ते फुटले सरकारच्या देखरेखीखाली, आणि त्याच सरकारच्या पक्षासाठी मते मागायची ती चिखल वाळून सात महिने न झालेल्या शहरात! काल ज्यांना घरे वाटली, त्यांच्या दारात आज उमेदवार म्हणून उभे राहायचे. अधिकाऱ्याला लोक तोंडावर फारसे बोलत नाहीत. उमेदवाराला बोलतात. नळाला पाणी का नाही, यादीत आमचे नाव का नाही, धरण फुटले तेव्हा तुम्ही सगळे कोठे होता, हे विचारण्याचा हक्क मतदाराला असतो आणि उमेदवाराला ते ऐकून घ्यावे लागते.

बर्वे निवडून आले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते एकट्याच्या बळावर निवडून आले असे म्हणणे बरोबर नाही. यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षी काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या, वारेच त्या बाजूचे होते. पण वारे अनुकूल असले तरी आपले नाव मतपत्रिकेवर छापू देण्याची जोखीम ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आधी अर्थखाते आले, नंतर उद्योगखाते. आपल्या दृष्टीने हा काळ फार महत्त्वाचा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ पासून होताच. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांचे आराखडे आखले जाऊ लागले. सगळे श्रेय एका मंत्र्याला देणे हा इतिहासावर अन्याय होईल. महामंडळाचा कायदा १९६१ चा, म्हणजे बर्वे आमदार होण्याच्या आधीचा. पण मुंबईतली दाटी कमी करून उद्योग बाहेर न्यावेत, हा विचार बर्वे यांनी १९५९ मध्येच मांडला होता, आणि हा पट्टा आकार घेत असताना काही काळ त्या खात्याचे ते मंत्री होते. ज्या गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मात्र आजही या गावांतल्या घराघरांत बोलला जातो. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची चूल ज्या जमिनीवर पेटली, ती कोणाचे तरी शेत होती, हे विसरून चालणार नाही.

मध्यंतरी ते दिल्लीला नियोजन आयोगाचे सदस्य म्हणूनही गेले. १९६७ साली पुन्हा निवडणूक आली. या वेळी लोकसभा, आणि मतदारसंघ ईशान्य मुंबई. समोर होते माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. मेनन १९५७ आणि १९६२ साली मुंबईतून काँग्रेसतर्फे निवडून आले होते; या वेळी पक्षाने तिकीट नाकारले म्हणून ते अपक्ष उभे राहिले. सारा देश ही लढत पाहत होता. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने बर्वे यांची बाजू घेतली आणि मेनन दक्षिणेचे, बाहेरचे, हा प्रचाराचा एक भाग झाला. बर्वे सुमारे १३ हजार मतांनी जिंकले.

बर्वे यांच्या चरित्रातील हे पान मला अवघड वाटते. मेनन यांच्या राजकारणावर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्यांना संरक्षणखाते सोडावे लागले होते. पण माणूस कोठून आला यावर मत ठरू लागले की आष्टीहून चिंचवडला आलेल्या माझ्यासारखीला मनातून धास्ती वाटते. मत मागायला निघालेल्या माणसाला आपल्या पाठीशी कोण कोण उभे राहील हे नेहमी निवडता येत नाही, हेही खरे. खुर्चीत बसून स्वच्छ राहणे सोपे असते, रस्त्यावर उतरले की अंगाला धूळ लागते.

लोकसभेत पाऊल ठेवण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. निकालानंतर काही दिवसांतच, मार्च १९६७ मध्ये, त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे बावन्न. रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक झाली, त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन यांचा पुन्हा पराभव झाला.

मित्रहो, हे चरित्र आजच आठवण्याचे कारण सांगते. मार्च २०२२ मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ येथे एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक म्हणून आयुक्तच सारे पाहत. आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा बहुतेक जण म्हणाले, बरेच झाले, नगरसेवक नकोतच, एक चांगला अधिकारी असला की पुरे. मीही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. मुलगी साहेब झाली म्हणजे वडिलांना दाखल्यासाठी खिडकीपुढे ताटकळावे लागणार नाही, एवढीच आईची अपेक्षा. तेव्हा चांगला अधिकारी नको, असे मी कशी म्हणेन?

पण बर्वे यांच्याहून चांगला अधिकारी कोठून आणायचा? कलेक्टर झाले, आयुक्त झाले, आयोगांचे अध्यक्ष झाले, बुडालेले शहर सावरायला पुढे आले. एवढे सगळे हाती असताना त्यांना लोकांकडे जाऊन संमती मागावीशी वाटली. त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही, पण त्यांच्या कृतीचा अर्थ मी असा लावते की हुशारीने प्रश्न सुटतो, तरी कोणाचा प्रश्न आधी सोडवायचा हे ठरवण्याचा अधिकार हुशारीतून मिळत नाही. तो लोकांकडूनच घ्यावा लागतो. अधिकारी चुकला तर त्याची बदली होते आणि ती करणारे वरचे असतात. लोकप्रतिनिधी चुकला तर त्याला घरी बसवण्याचे काम मोहननगरच्या चाळीतली माझी आई करू शकते.

म्हणून परीक्षेचा अर्ज मी भरणार आहे, आणि मतदार यादीत नाव घालण्याचा अर्जही त्याच आठवड्यात भरणार आहे. पहिल्या अर्जाचे काय होईल ते माझ्या अभ्यासावर आहे. दुसरा मात्र आपल्या वर्गातल्या प्रत्येकाला भरता येतो, आणि अजून निम्म्या जणांनी तो भरलेला नाही.