एक देव, एक घर: रेव्हरंड नारायण वामन टिळक



दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा असतो. त्यानिमित्त आपण एका मराठी ख्रिस्तभक्ताची ओळख करून घेऊ या. ते कॅथलिक नव्हते. पण त्यांच्या जीवनातून उभा राहणारा प्रश्न आपलाही आहे. पिता एकच आहे, मग लेकरांच्या चुली वेगळ्या का?

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. पुढे काही काळ ते आपल्या नागपुरात होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने त्यांचे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपले सोवळे पाळत, पाणी वेगळे ठेवत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ऐक्याचा पहिला धडा टिळक घरातच गिरवले.

अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते १९०४ साली पाळक झाले. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या कवीने ख्रिस्ताची भक्ती भजन-कीर्तनातून मराठी माणसापर्यंत नेली. परंतु परदेशी मिशनच्या पगारावर चालणारी, पंथापंथांत वाटली गेलेली मंडळी त्यांना खुपत राहिली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांना, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही, तेथे स्थान होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार पुढे टिकला नाही. त्यांची भजने मात्र निरनिराळ्या पंथांच्या मराठी उपासनेत आजही गायली जातात.

टिळकांचे सर्वच विचार आपल्याला मान्य होणार नाहीत. ख्रिस्तसभेत प्रवेश बाप्तिस्म्याने होतो, ही आपली श्रद्धा आहे. पण म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली आपल्याला शिकवले की, इतर पंथांतील बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती हे प्रभूमध्ये आपले बंधू आहेत.

देव एक आहे, हे केवळ मोजणीचे सत्य नव्हे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे एकत्व प्रीतीचे आहे; तेथे कोणी कोणात हरवत नाही. आपले ऐक्यही तसेच असावे. सर्वांनी एकसारखे होणे म्हणजे ऐक्य नव्हे. आणि वेगळे आहोत म्हणून पाठ फिरवणे ही श्रद्धा नव्हे.

आपल्या चिमूर परिसरात ख्रिस्ती लोक मूठभर. त्यांनीही एकमेकांना नावे ठेवली, तर शेजाऱ्यांनी आपल्याकडे पाहून एका देवावर विश्वास कसा ठेवावा? या आठवड्यात दुसऱ्या पंथाच्या एका तरी ख्रिस्ती कुटुंबाची भेट घेऊ या. वाद घालायला नको. त्यांच्या घरी बसून प्रभूने शिकवलेली प्रार्थना सोबत म्हणू या. ती तर दोघांनाही पाठ आहे.