विश्लेषण : कर्करोगाच्या ‘एआय’ तपासणीचा धागा शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरपर्यंत कसा जातो?

मोठ्या आतड्यातील गाठीचा तुकडा काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याच काचपट्टीच्या डिजिटल प्रतिमेवरून गाठीतील एका जनुकीय बिघाडाचा अंदाज आता कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) बांधू शकते. हा बिघाड काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. अशा एका कुटुंबाची माहिती जमवण्यास डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी १८९५ मध्ये सुरुवात केली होती.

वॉर्थिन कोण होते?

जन्म १८६६ चा, अमेरिकेतील इंडियाना राज्यातला. आधी त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. मग वैद्यकाकडे वळून १८९१ मध्ये मिशिगन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि पुढे तिथल्याच पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख बनले. लाळग्रंथीच्या एका गाठीला त्यांचे नाव आहे. सिफिलिसचे जंतू दाखवणारी ‘वॉर्थिन-स्टारी’ रंगप्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

‘कुटुंब जी’ म्हणजे काय?

वॉर्थिन यांच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी स्त्री खिन्न दिसत असे. त्यांनी कारण विचारले. घरातील अनेक जण आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेले, आपलेही तसेच होणार, असे तिने सांगितले. तेव्हा तिची प्रकृती ठीक होती. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे मनाचे खेळ म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी तिच्या नातेवाइकांची माहिती गोळा करून वंशवृक्ष तयार केला. ती स्त्री पुढे तरुण वयातच गर्भाशयाच्या कर्करोगाने दगावली. १९१३ मध्ये वॉर्थिन यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९२५ मध्ये त्यात भर घातली.

मग दुर्लक्ष का झाले?

कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे तेव्हा बहुतेक डॉक्टरांना पटत नव्हते. शिवाय त्या काळातील अनेकांप्रमाणे वॉर्थिन हेही सुप्रजननवादाकडे ओढले गेले. आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणारा हा विचार पुढे बदनाम झाला. १९३१ मध्ये वॉर्थिन यांचे निधन झाले. साठच्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांना अशीच कुटुंबे आढळली. मिशिगनमधील वॉर्थिन यांची कागदपत्रे त्यांच्याकडे आली आणि १९७१ मध्ये ‘कुटुंब जी’चा पुढचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा विकार आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. या कुटुंबातील ‘एमएसएच२’ जनुकातला दोष २००० साली सापडला.

एआयचा संबंध कुठे येतो?

पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते. तिच्यातील चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी ‘एमएसएच२’ हे एक आहे. दुरुस्ती बंद पडली की चुका साचतात. या स्थितीला ‘एमएसआय’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ती आढळते. अशा गाठींवर इम्युनोथेरपी चांगली लागू पडू शकते, म्हणून ही चाचणी महत्त्वाची. या गाठींत पांढऱ्या पेशींची गर्दी आणि चिकट स्राव जास्त दिसतो, हे पॅथॉलॉजिस्टना ठाऊक होते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या काचपट्टीवरून संगणकही ‘एमएसआय’ ओळखू शकतो, हे जर्मनीतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले.

मर्यादा काय?

प्रयोगशाळा, रंग किंवा स्कॅनर बदलला की एआयचा अंदाज चुकू शकतो. म्हणून ते चाळणीसारखे वापरायचे आणि संशयित नमुन्यांची खात्री प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या चाचणीने करायची, असा या क्षेत्रातला विचार आहे. दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. ‘एमएसआय’ असलेल्या बहुतेक रुग्णांत दोष आनुवंशिक नसतो, तो गाठीतच निर्माण झालेला असतो. एआय बिघाड दाखवते, पण तो वारशाने आला का, हे तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी जनुकीय तपासणी लागते आणि घरात आणखी कोणाला कर्करोग झाला होता, हेही विचारावे लागते. उत्तर होकारार्थी आले, तर भावंडांची व मुलांची वेळेवर कोलोनोस्कोपी करून पुढचे मृत्यू टाळता येतात. वॉर्थिन यांच्या काळात त्या स्त्रीसाठी ही सोय नव्हती.