बाबासाहेबांच्या निबंधातून गळालेली चार वर्षं



६ डिसेंबर जवळ आला की आपल्या वर्गांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर निबंध लिहिले जातात. तुम्हीही तपासले असतील. महूचा जन्म, शाळेतली पाण्याची गोष्ट, परदेशातलं शिक्षण, महाडचं तळं, काळाराम मंदिर आणि मग एकदम संविधान. मुलं १९३० च्या नाशिकहून थेट १९४७ च्या दिल्लीत पोहोचतात. ही उडी त्यांना आपणच शिकवली आहे. मधली चार वर्षं, १९४२ ते १९४६, बाबासाहेब केंद्र सरकारात मजूर खातं सांभाळत होते. लोकांच्या पोटापाण्याची, आजारपणाची, बाळंतपणाची काळजी देशाच्या सरकारने घ्यायची की नाही, हा प्रश्न तेव्हा त्यांच्या टेबलावर होता. मुलांना शिकवण्याआधी आपणच हा भाग नीट समजून घेऊ या.

सुरुवात मात्र थोडी आधीपासून करावी लागेल. बाबासाहेबांचं कुटुंब मुंबईत परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिलं. आजूबाजूला सगळी गिरणीत राबणारी माणसं. आजारी पडलं की खाडा, खाडा झाला की पगार कापला. खुद्द बाबासाहेबांच्या घरी रमाबाईंची चार मुलं दगावली. त्यातला राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. पुढच्या वर्षी बाबासाहेब मुंबई कायदे मंडळाचे नेमलेले सदस्य झाले, आणि १९२८ मध्ये तिथे गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात पगारी विश्रांती देण्याचं विधेयक चर्चेला आलं.

विरोधकांचं म्हणणं तुम्हाला ओळखीचं वाटेल. खर्च मालकाने का सोसायचा? असा कायदा झाला तर मालक बायकांना कामावर ठेवणारच नाहीत. शिवाय एकट्या मुंबई प्रांतात कायदा केला तर इथले कारखाने दुसऱ्या प्रांतांपुढे मागे पडतील. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. त्यांची मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण तेवढ्याने मालक सुटत नाही, असंही बजावलं. बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणून तर तो तिला ठेवतो. मग काही वाटा त्यानेही दिला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. अर्थात खर्च मालकावर पडला, सरकारवर नाही. आणि तो एका प्रांतापुरताच राहिला.

इथे त्यांच्या अभ्यासाचा विषय आठवा. ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, यावर त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिजोरी कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा काढला आणि त्याच वर्षी कामगारांच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. हे सगळं मुंबई इलाख्यातलं.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आपण सोयीसाठी मजूरमंत्री म्हणतो. काळ बघा. ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत गवालिया टँकवर चले जावचा ठराव झाला. अशा वेळी इंग्रज सरकारात बसले म्हणून त्यांच्यावर खूप टीका झाली, आजही होते. मुलांपासून ते लपवायचं कारण नाही. पण त्या परिषदेत काय चाललं होतं तेही सांगा. कामगार कायदे प्रांताप्रांतात वेगळे न राहता देशभर सारखे असावेत, हा तिचा एक मुख्य हेतू होता. म्हणजे १९२८ मध्ये मालकांनी काढलेली पळवाट, दुसऱ्या प्रांतात असा कायदा नाही ही सबब, वरूनच बुजवायची.

सगळ्यात आधी हात घालता आला तो खाणींना, कारण १९३५ च्या कायद्याने खाणकामगारांची सुरक्षितता थेट केंद्राकडे होती. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद आणि राणीगंजच्या कोळसा भागात गेले, स्वतः खाणीत उतरले, कामगारांची घरं पाहिली. जानेवारी १९४४ च्या शेवटी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची रचना साधी होती. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे काही आणे उपकर घ्यायचा आणि तो पैसा घरं, पाणी, दवाखाने, शिक्षण यांवरच खर्च करायचा. सल्लागार समितीत मालक आणि कामगार दोघांचेही प्रतिनिधी. मालकाची मर्जी नाही, दानधर्म नाही. कोळसा निघाला की निधीत भर पडणार! १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठीही असाच निधी झाला.

याच खाणींत एक अवघड गोष्टही घडली. बायकांनी जमिनीखाली काम करू नये अशी बंदी आधीपासून होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा, १९४३ मध्ये, सरकारने ती उठवली. कायदेमंडळात सदस्यांनी यावर झोड उठवली आणि उत्तर द्यायला उभे राहावं लागलं बाबासाहेबांना. त्यांनी कोळशाच्या निकडीचं कारण दिलं, आणि या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी ठरवून दिली आहे हेही सांगितलं. मला स्वतःला ते उत्तर अपुरं वाटतं. बंदी पुन्हा लागू झाली ती १९४६ मध्ये. दुसऱ्या बाजूला, खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचा १९४१ चा केंद्रीय कायदा त्यांच्याच काळात दोनदा दुरुस्त झाला. कल्याण करणारं सरकार आणि कोळसा हवा असलेलं सरकार एकच होतं, आणि मंत्री दोन्हीकडून बांधलेला होता.

कामाच्या तासांचंही नीट सांगायला हवं. बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले असा मजकूर दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतो आणि निबंधात उतरतो. तसं नाही. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यात आठवड्याचे जास्तीत जास्त ५४ तास होते. बाबासाहेबांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ झाले. सहा दिवसांनी भागलं तर रोजचे आठ. त्याआधी, १९४५ च्या दुरुस्तीने, वर्षभर सलग काम करणाऱ्याला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली होती. खरी आकडेवारी लहान दिसते, पण आठवड्याला सहा तास घरी मिळणं म्हणजे काय, ते गिरणी कामगाराच्या घरी विचारावं.

बाकीचं भराभर सांगते. १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली आणि तिने देशभरच्या कामगारांची स्थिती तपासली. युद्धाहून परतलेल्यांसाठी १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रं उभी राहिली. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं, ते १९४८ मध्ये कायदा झालं. प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं होतं. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आज कारखान्यातल्या पालकांकडे जे ईएसआयचं कार्ड असतं, त्याचं मूळ इथे आहे.

आता संविधानाकडे या, म्हणजे उडी मारावी लागणार नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब बसले तेव्हा हा सगळा अनुभव गाठीशी होता. कलम ४१ मध्ये काम, शिक्षण आणि आजारपणात, म्हातारपणात, बेकारीत मदत; कलम ४२ मध्ये प्रसूतीसाठी साहाय्य. ही मार्गदर्शक तत्त्वं, कोर्टात मागता न येणारी. ती नुसती शोभेची आहेत, ही टीका बाबासाहेबांनी मान्य केली नाही. ती न पाळणाऱ्या सरकारला मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असं त्यांनी संविधान सभेत सांगितलं. आणि समवर्ती सूचीतली २४ वी नोंद उघडून बघा. कामगार कल्याणाच्या विषयांत प्रसूती लाभ तिथे नाव घेऊन लिहिला आहे. म्हणजे केंद्रही कायदा करू शकतं, राज्यही.

१९६१ मध्ये केंद्राचा प्रसूती लाभ कायदा झाला, तेव्हा बाबासाहेब जाऊन पाच वर्षं झाली होती. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. पैसे कोणी द्यायचे? मालकाने. ईएसआय असेल तिथे विमा देतो, इतर आयांना केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. सरकारचा मोठा वाटा असावा, हे १९२८ मधलं म्हणणं अजून तिथेच आहे.

मागच्या वर्षी मी ही २४ वी नोंद वर्गात वाचून दाखवली. आमच्याकडची काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यातल्या एका मुलीने विचारलं, बाई, माझा भाऊ फडात झाला, आईने चौथ्या दिवशी मोळ्या बांधल्या. तिला कोण पैसे देणार होतं, मुकादम, कारखाना की सरकार? मी फळ्यावर तिन्ही नावं लिहिली. मग त्या तासाला पुढचा धडा झालाच नाही.