आधी नदी मोजा, मग पूल ठरवा : विश्वेश्वरय्यांचा धडा

बिदर : मांजरा, भीमा आणि कागिणाकाठच्या माणसाला पुलाचं मोल सांगावं लागत नाही. पूर चढला की वाट बंद. दवाखाना पलीकडं, बाजार पलीकडं. म्हणूनच सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची आठवण १५ सप्टेंबरच्या हाराफुलांपुरती ठेवून चालत नाही.

जन्म मुद्देनहळ्ळीचा, म्हैसूर संस्थानातला. वडील लवकर गेले. शिकवण्या करून बंगळुरात बी.ए. झाले आणि इंजिनिअरिंगला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ मध्ये पहिला नंबर काढला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी खानदेशात काम केलं.

धुळे भागात दातर्ती इथं पांझरेच्या पात्रातून कालव्याचं पाणी पलीकडं न्यायचं होतं. वरून पूल बांधून नव्हे, तर पात्राखालून नळ टाकून, म्हणजे सायफन करून. पावसाळ्यात पुरानं काम अडलं. पूर ओसरेपर्यंत थांबावं, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. ते मान्य झालं नाही. तरुण इंजिनिअरनं नेट लावून काम पुरं केलं. पुढं खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीनं हैदराबादेत हजारो बळी घेतले. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्याच राज्यात. मूसी आणि कागिणा दोघींचा उगम अनंतगिरीच्या डोंगरांत. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहरात भिंती आणि पूल वाढवून भागणार नाही, पूर वरच्या अंगालाच अडवला पाहिजे, हे त्यांनी पाऊस आणि पाणलोटाचा हिशेब मांडून दाखवलं. त्यातूनच उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) उभे राहिले.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न मिळालं. पण नव्वदी ओलांडल्यावरही काम सुटलं नव्हतं. बिहारमध्ये गंगेवर मोकामाला पूल कुठं घ्यावा, याचा तांत्रिक सल्ला त्यांनी दिला. पात्र बदलणाऱ्या नदीवर जागा चुकली तर पूल कोरड्यात आणि पाणी दुसरीकडं, अशी गत होते. जागा ठरली की बाकीचं तिच्यावरून ठरतं. खोल पाण्यात प्रत्येक खांब महागात पडतो, म्हणून खांब कमी आणि गाळे लांब. त्यावर रेल्वेचं वजन, म्हणून पोलादी ट्रस. १९५९ मध्ये हा राजेंद्र सेतू खुला झाला. वरून रस्ता, खालून रेल्वे.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरात त्यांचं निधन झालं.

आपल्याकडंही पुलाची मागणी निघाली की आधी निधी किती, हे विचारलं जातं. पुराची सर्वात वरची खूण कुठं आहे, खडक किती खोल आहे, वाहून येणारी झाडंझुडपं कुठं अडकतील, हे प्रश्न मागं राहतात. यांची उत्तरं मिळाल्याशिवाय कमान, गर्डर की बंधारा-पूल, हे ठरवता येत नाही. खांब जवळजवळ घेतले तर बांधताना पैसे वाचतात, पण पुरात कचरा अडकून पाणी गावात शिरतं. तो खर्च मग काठच्या घरांना भरावा लागतो.