बेचाळीस जणींतील चौघी
मेरी महोनी बोस्टनमधील महिला व मुलांच्या रुग्णालयात स्वयंपाक करत, कपडे धूत, साफसफाई करत. अशा सुमारे १५ वर्षांनंतर, १८७८मध्ये, तेथीलच परिचारिका वर्गात त्यांना प्रवेश मिळाला. वय ३३! अभ्यासक्रम १६ महिन्यांचाच. पण दिवस पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ. वर्षभर वॉर्डांत राबायचे, मग चार महिने रुग्णांच्या घरी शुश्रूषा. ४२ जणींपैकी अवघ्या चौघी शेवटपर्यंत टिकल्या. १८७९मध्ये महोनी अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरल्या. तरीही काही घरांत त्यांना नोकरांच्या पंगतीला बसवू पाहत. महोनी नकार देत आणि स्वयंपाकघरात एकट्याच जेवत.